अकरा महिन्यांचे कायमचे घर

दारूचे व्यसन सोडण्यासाठी मी 2017 ते 2022 या काळात तीनदा दाखल झालो आणि तिन्ही वेळा बरा होऊन बाहेर पडलो. 'बरा होऊन' हे मी उपरोधाने लिहीत नाही; हातांची थरथर थांबलेली असे, झोप लागू लागलेली असे, भाकरीची चव कळू लागलेली असे, आणि डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत 'रुग्णास घरी पाठविले' असे लिहिलेले असे. पेढीवर वीस वर्षे खतावणी लिहिलेला माणूस असल्यामुळे कागदावरचा चुकीचा शब्द मला खटकतो, आणि इथे तो शब्द 'घरी' हा होता. पहिल्या खेपेला घर होते, पण त्या घराने मला आत घेतले नाही, आणि त्यात दोष त्या घराचा नव्हता. दुसऱ्या खेपेला तात्पुरत्या निवाऱ्यात नेले, आणि तो रिकामा करून घेतल्यावर मी पुन्हा सोलापूर स्टेशनबाहेरच्या माझ्या नेहमीच्या जागी येऊन बसलो. तिसऱ्या खेपेनंतर, दारू आधी सोडून दाखवा अशी अट नसलेले एक घर मिळाले; तिथे जे घडले, ते नीट लिहून ठेवावे असे वाटले.

रस्त्यावर कसा आलो हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात वेगळे काही नाही. चादरी आणि टॉवेलच्या एका घाऊक पेढीवर मी मुनीम होतो. दारू आधी दिवाळीच्या वहीपूजनापुरती होती, मग शनिवारची झाली, मग दुपारची. रोकड कमी येऊ लागली आणि ती कुठे जाते हे पेढीत फक्त मला ठाऊक होते. 2014 साली पेढीने मला रजा दिली, पुढच्या वर्षी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली, आणि 2017 मध्ये भावाने स्वतःच्या खर्चाने मला महिनाभर एका केंद्रात ठेवून आपले कर्तव्य संपवले. पुढची पाच वर्षे स्टेशन, सिद्धेश्वर मंदिराचा परिसर, मार्केट यार्ड आणि लग्नसराईत मंगल कार्यालयांची मागची बाजू अशी गेली. सोलापुरात हातभट्टीने किंवा शिंदीने रस्त्यावर आणलेल्या कोणालाही विचारा, पेढीच्या जागी यंत्रमाग किंवा रिक्षा येईल, बाकी मजकूर हाच. 2021 मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' या नावाने मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसरा धंदा मिळवून देण्याचे काम हाती घेतले होते. ते ऐकून मला स्टेशनसमोर बसल्या बसल्या वाटले होते, की गाळणाऱ्याला दुसरा धंदा लागतो हे ज्यांना उमगले, त्यांना पिणाऱ्याला दुसरी जागा लागते हेही एखादे दिवशी उमगेल.

दुसऱ्यांदा दाखल झालो ती वेळ टाळेबंदीची होती. 25 मार्च 2020 पासून सगळे बंद झाले आणि दारू एका दिवसात मिळेनाशी झाली. रोज पिणाऱ्याची दारू अशी अचानक तुटली की पहिले दोन-तीन दिवस जिवावरचे असतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी मला फिट आली. शुद्धीवर आलो तेव्हा हाताला सलाइन होते आणि एक तरुण डॉक्टर परिचारिकेला सांगत होते की ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या. हे वाक्य मी नंतर इतक्यांदा ऐकले की त्याचे कारणही पाठ झाले: पिणाऱ्याच्या शरीरात ब-एक जीवनसत्त्व उरलेले नसते, आणि तशा अवस्थेत नुसती साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. तिथून मला एका शाळेत उघडलेल्या तात्पुरत्या निवाऱ्यात नेले. दोन वेळचे जेवण मिळे, गादी मिळे, आणि बाहेर जायलाच बंदी असल्यामुळे 'तू इथून कधी जाणार' हे कोणी विचारत नसे. पुढे दारूची दुकाने उघडली. माझ्याजवळ थोडे पैसेही होते. तरी मी प्यायलो नाही. शाळा रिकामी करून घेतली त्या दिवशी प्यायलो. माझ्या आयुष्याच्या हिशेबात ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, पण त्या वेळी तिचा अर्थ लागला नव्हता.

तिसऱ्यांदा दाखल झालो ते 2022 च्या ऑगस्टमध्ये. या खेपेला वॉर्डात एका लहानशा न्यासाच्या कार्यकर्त्या येत असत. वयाने माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या, पण सगळे त्यांना ताई म्हणत म्हणून मीही म्हणू लागलो. मी किती पितो, केव्हापासून पितो, यातले त्यांनी पहिल्या भेटीत काहीच विचारले नाही. "काका, इथून सोडल्यावर कुठं जाणार?" एवढेच विचारले, आणि मी "बघू" म्हटल्यावर वहीत काहीतरी टिपून घेतले. चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या की न्यास पाच-सहा माणसांसाठी एक भाड्याचे घर घेत आहे. तिथे राहण्याला मुदत नाही, आधी अमुक महिने न पिता कोरडे राहून दाखवा अशी अट नाही, गोळ्या चुकवल्या म्हणून घर जाणार नाही. मिळकतीतला ठरावीक वाटा भाड्यात द्यायचा, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, आणि आठवड्यातून दोनदा त्या येतील तेव्हा दार उघडायचे. मला यात काहीतरी लबाडी वाटली. इतक्या वर्षांत कोणी अट न घालता मला काही दिले असेल, तर तो दुसऱ्याच्या क्वार्टरमधला घोट.

ही कल्पना आपली नव्हे हे ताईंनीच सांगितले. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणि व्यसनी माणसांना आधी घर द्यायचे आणि उपचार नंतर, ज्याच्या त्याच्या गतीने, अशी पद्धत सुरू केली. तिला 'हाउसिंग फर्स्ट' म्हणतात. त्यापूर्वीची रीत पायऱ्यांची होती, म्हणजे आधी निवारा, कोरडेपणा सिद्ध केला की वसतिगृह, आणि सगळे नीट राहिले तर शेवटी घर. अनेक माणसे मधल्या पायरीवरूनच पुन्हा खाली येत. फिनलंडने 2008 पासून ही पद्धत देशाचे धोरण म्हणून घेतली आणि जुन्या निवाऱ्यांच्या इमारतींतच स्वतंत्र घरे काढली. आपल्याकडे चेन्नईची 'द बॅनियन' ही संस्था रुग्णालयात वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या मनोरुग्णांना चार-पाच जणांच्या गटाने साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहायला देते आणि सोबतीला मदतनीस ठेवते. त्या उपक्रमाचे नाव 'होम अगेन'. आमच्या न्यासाने धडा तिथून घेतला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्या कायद्याच्या व्याख्येत बसतात, हेही मला ताईंकडूनच कळले.

निवारे वाईट असतात असे मी म्हणणार नाही. थंडीत त्यांनी माझा जीव वाचवलेला आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमस्वरूपी निवारा आणि दर माणशी पन्नास चौरस फूट जागा असे प्रमाण दिलेले होते. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, म्हणजे नऊ-दहा निवाऱ्यांची गरज निघते, हा सरळ भागाकार आहे. पन्नास चौरस फूट म्हणजे किती, हे मी एकदा खडूने फरशीवर आखून पाहिले. पाच बाय दहा. अंथरूण, एक पिशवी आणि कूस बदलायला जागा, एवढे त्यात बसते. पण निवाऱ्यात सकाळी उठल्यावर मनात पहिला प्रश्न येतो तो आजच्या रात्रीचा, आणि पिणाऱ्या माणसाला त्या प्रश्नाचे एकच उत्तर पाठ असते.

घर मिळायला अडीच महिने लागले. चौदा घरमालकांनी नाही म्हटले, आणि त्यांतल्या एकालाही मी दोष देत नाही, कारण मी घरमालक असतो तर मीही तेच म्हटले असते. पंधरावे घर नीलमनगरचे. मालकीणबाई विड्या वळतात. तेलुगू घरातल्या, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. त्यांनी आमच्या पूर्वायुष्याची चौकशी केली नाही. भाडे पाच तारखेच्या आत आणि त्यांच्या विड्यांच्या सुपाला कोणी हात लावायचा नाही, अशा दोनच गोष्टी त्यांनी सांगितल्या. करार अकरा महिन्यांचा झाला, कारण सगळ्यांचेच करार अकरा महिन्यांचे होतात. तो न्यासाच्या नावे आहे आणि राहणाऱ्यांची यादी सोबत जोडलेली आहे. ज्या घराला आम्ही कायमचे म्हणतो त्याची कागदावरची मुदत एक वर्षसुद्धा नाही, हे सही करताना मी ताईंना दाखवले, त्या म्हणाल्या, "काका, कायम म्हणजे तुम्हाला कुणी जा म्हणणार नाही. कागद आपण दरवर्षी नवा करू."

यादीत नाव घालायला आधार कार्ड हवे होते आणि माझे स्टेशनवर चोरीला गेलेल्या पिशवीबरोबर गेले होते. नवे काढायला गेलो तर अर्ज दोनदा फेटाळला गेला, कारण माझ्या बोटांचे ठसे आधीच कुठल्या तरी क्रमांकाखाली जमा होते आणि तो क्रमांक मला आठवत नव्हता. जुना मोबाइल क्रमांकही केव्हाच दुसऱ्याचा झाला होता. ताई म्हणाल्या, जुनी झेरॉक्स कुठे दिली असेल तर आठवा. मला पहिल्या मिनिटालाच आठवले होते, पण सांगायला तीन दिवस लागले. पेढीवर नोकरांच्या कागदपत्रांची फाइल मीच लावली होती.

आठ वर्षांनी मी त्या पेढीची पायरी चढलो. थोरले शेठ आता येत नाहीत, गादीवर त्यांचे चिरंजीव होते. मी काय हवे ते सांगितले. त्यांनी पोऱ्याला माळ्यावर चढवले आणि धुळीने भरलेली हिरवी फाइल खाली आली, तिच्या पाठीवर 'नोकर वर्ग – कागदपत्रे' हे शब्द माझ्या अक्षरात होते, 'र्ग'चा रफार मी नेहमी जरा लांब ओढतो तसाच ओढलेला. आत माझी झेरॉक्स होती. चिरंजीवांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिले, यंत्रावर तिची दुसरी प्रत काढली आणि म्हणाले, "दोन रुपये." मी दिले. रोकडीच्या त्या जुन्या प्रकरणाबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. दोन रुपये मागितले याचे ताईंना वाईट वाटले. मला मात्र बरे वाटले, कारण त्या गल्ल्यावर माझ्या हातून पैसे आत जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

घरात राहायला गेल्यावर झोप येईना. रस्त्यावर माणूस चपला डोक्याखाली घेऊन झोपतो, नाहीतर सकाळी त्या नसतात. ती सवय पाय पसरायला जागा मिळाली म्हणून सुटत नाही. पहिला महिनाभर मी खाट सोडून पडवीत दाराशी, चपला उशीखाली ठेवून झोपत असे. पंख्याचा आवाज चाले, पण दाराची कडी लावली की छाती दडपून येई. ताईंनी खाटेचा आग्रह केला नाही. किल्ली मात्र पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात वेगवेगळी दिली होती, आणि मी ती दिवसातून कितीतरी वेळा खिशात चाचपून पाहत असे.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि आमच्या गल्लीत ते रात्री केव्हातरी येते, हे शहराबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे, कारण आमच्या घराचा सगळा कारभार त्याभोवती फिरतो. पाळी लावून एकेकाने उठायचे, मोटार लावायची, दोन्ही पिंपे आणि हंडे भरायचे आणि वहीत सही करायची. वही अर्थातच मी घातली. वर्षानुवर्षे रात्री कोणीतरी काठीने उठवील म्हणून सावध झोपलेली आम्ही सगळी माणसे, त्यामुळे नळाचा पहिला सूं असा आवाज झाला की पाळी असो वा नसो, सगळेच जागे होतात. शेजारच्या घरांतून आम्हाला पहिला निरोप आला तो तक्रारीचा नव्हता; 'पाणी आलं की आमचंही दार वाजवा' असा होता.

खर्चाचेही सांगतो. भाडे तेव्हा साडेसहा हजार होते. ज्याची जी मिळकत असेल तिच्या तीस टक्के त्याने द्यायचे, उरलेले न्यास भरतो. मी दोन टॉवेलवाल्यांच्या वह्या लिहितो, महिन्याला सात हजार मिळतात, त्यातले एकवीसशे देतो. माझ्यासोबत राहणाऱ्यांपैकी अण्णा पूर्वी यंत्रमागावर होते, आता त्यांचा हात चालत नाही. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे पैसे सुरू झाले, तेही आधार आणि बँक खाते झाल्यावरच. चाचा रिक्षा चालवतात. मास्तर शिंपी आहेत. ज्याची मिळकत शून्य, त्याचा वाटा शून्य. पण वहीत शून्य लिहायचे, जागा कोरी सोडायची नाही, हा नियम माझा.

आता ज्या गोष्टीवर आमच्यातच मतभेद आहेत तिच्याकडे येतो. 2023 च्या श्रावणात एका रात्री साडेअकराला मास्तर पिऊन आले. नियम असा की पिऊन आलेल्याला आत घ्यायचे, पडवीत झोपवायचे, बाटली आत येऊ द्यायची नाही, आणि बोलायचे ते सकाळी चहानंतर. ते ऐकायला सोपे वाटते. एका कोरड्या माणसाच्या नाकाला रात्रभर तो वास येत राहतो तेव्हा काय होते, हे ज्याने भोगले नाही त्याने नियम करू नयेत. सकाळच्या बैठकीत मीच सगळ्यांत कडक बोललो. म्हणालो, एकासाठी पाच जणांना धोक्यात घालायचे नाही, याला महिनाभर दुसरीकडे ठेवा. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग आपल्या मराठीत म्हणाले, "मुनीमजी, दुसरीकडं म्हंजे कुठं? जागा सांगा, मी पोचवून येतो." मला जागा सांगता आली नाही. मास्तर राहिले, आठवडाभर रोज दवाखान्यात गेले, आणि मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पाच महिन्यांनी पाळी माझी आली. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा पाहायला गेलो होतो. नंदीध्वज पाहिले, गर्दीतून बाहेर पडलो, आणि होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत एक जुना सोबती भेटला. पुढचे सांगण्यात अर्थ नाही. दोन रात्री मी स्टेशनवर काढल्या, खिशात किल्ली असताना. मास्तरांना मी जे बोललो होतो ते मला शब्दन् शब्द आठवत होते आणि त्या तोंडाने दार उघडणे शक्य वाटत नव्हते. तिसऱ्या दिवशी पहाटे आठवले की आज पाण्याची पाळी माझी होती. पाणी येऊन गेलेले असणार आणि पिंपे रिकामी राहिली असणार, एवढाच विचार डोक्यात घेऊन मी परत आलो. पिंपे भरलेली होती. वहीत माझ्या पाळीची सही मास्तरांनी केली होती, आणि चुकून दुसऱ्याच्या रकान्यात केली होती, म्हणून मी ती खोडून नीट करायला लावली. दार त्यांनीच उघडले होते. "पडवीत अंथरूण घातलंय," एवढेच ते बोलले. नंतर पाच दिवस दवाखान्यात काढले, आणि सुटलो तेव्हा रिक्षावाल्याने कुठे जायचे विचारल्यावर पत्ता सांगितला. चाळीस रुपये झाले.

ही पद्धत सगळ्यांना लागू पडते असे मी लिहिले तर ते खोटे होईल. आमच्यातला सहावा, सगळ्यांत तरुण, वर्ष भरायच्या आत गॅसची टाकी आणि शेगडी विकून निघून गेला. ताईंनी त्याची खाट दोन महिने रिकामी ठेवली, दर आठवड्याला स्टेशनवर जाऊन त्याला भेटत राहिल्या, आणि शेवटी ती दुसऱ्याला द्यावी लागली, कारण वाट पाहणाऱ्यांची यादी लांब होती. तोही मग टिकला नाही, आणि आता आम्ही पाच जण आहोत. त्या पोराला परत घ्यायला हवे होते असे अण्णांचे मत आहे. टाकीचे पैसे आधी भरावेत असे माझे आहे, आणि ते चूक असेल हे मला ठाऊक असूनही अजून बदललेले नाही. ताई एकट्या न्यासाची दोन घरे सांभाळतात. त्या आजारी पडल्या की दोन्ही घरे हलतात, हेही खरे. न्यासाचा पैसा देणग्यांवर चालतो आणि मार्च आला की ताईंचा चेहरा माझ्या जुन्या शेठांसारखा होतो.

चपला आता दाराबाहेर ठेवतो. खाटेवर झोपतो, पण कडी अजून चाचा लावतात. चौथा करार पुढच्या महिन्यात संपतो आणि नव्याचा मसुदा या वेळी मी लिहिला आहे. अक्कांनी भाडे पाचशेने वाढवायचे म्हटले आहे. आम्ही तीनशेवर अडून बसलो आहोत, कारण पडवीचा पत्रा गेल्या पावसाळ्यापासून गळतो आणि तो त्यांनी अजून बदललेला नाही.